रजा मिळाली, सुट्टीचे काय? : 'मस्यू हुलोची सुट्टी' आणि एका किनाऱ्याचा इतिहास

१

कामापासून मिळणाऱ्या मोकळिकीसाठी मराठीत दोन शब्द आहेत. 'रजा' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी संमती, परवानगी असा अर्थ आहे. म्हणून रजा मागावी लागते, ती मंजूर व्हावी लागते आणि देणारा हात नेहमी वरचा असतो. 'सुट्टी' हा 'सुटणे' या क्रियापदाच्या कुळातला शब्द. शाळा सुटते, गाठ सुटते, कैदी सुटतो. त्याच घरातला हा शब्द असल्याने त्यात सुटकेचा निःश्वास आहे. व्यवहारात आपण हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. परंतु रजा मिळालेल्या प्रत्येकाला सुट्टी लाभतेच असे नाही, हे शब्दांनी आपल्याआधी ओळखलेले असते.

फ्रेंच भाषेतही नेमकी अशीच जोडी आहे. 'काँजे' हा शब्द जाण्याची परवानगी या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघालेला, म्हणजे आपल्या 'रजे'चा सख्खा भाऊ. 'व्हाकाँस' हा रिकामे असणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेला. १९३६ साली फ्रान्समधील कामगारांना कायद्याने जे मिळाले त्याचे नाव 'काँजे पेये', म्हणजे भरपगारी रजा. त्यानंतर सतरा वर्षांनी, फेब्रुवारी १९५३ मध्ये, जाक ताती या दिग्दर्शकाचा जो विनोदपट पडद्यावर आला त्याच्या नावात मात्र दुसरा शब्द आहे : 'ले व्हाकाँस द मस्यू हुलो'. मराठीत 'मस्यू हुलोची सुट्टी'.

वरवर पाहता हा अगदी साधा चित्रपट आहे. समुद्रकाठच्या एका लहानशा हॉटेलात काही कुटुंबे आणि काही एकटी माणसे उन्हाळ्याचे चार दिवस घालवायला येतात. त्यांतच तोंडात पाईप धरलेला, पुढे झुकून चालणारा, अतिशय सभ्य आणि अतिशय उपद्रवी असा एक उंच गृहस्थ येतो. त्याच्यामुळे सर्वांच्या शांततेचा बोजवारा उडतो आणि सुट्टी संपते. कथानक म्हणावे असे याहून फारसे काही नाही. फसलेल्या सहलीवरचे विनोदपट पुढे डझनावारी निघाले आणि त्यांतले बरेचसे विसरलेही गेले. हाच एक चित्रपट का टिकून राहिला, या प्रश्नाचे उत्तर ताती यांच्या विनोदबुद्धीत आहेच. मात्र त्यातले निम्मे उत्तर त्या काळात आणि त्या किनाऱ्यात दडलेले आहे असे आम्हांला वाटते. प्रस्तुत लेखात त्या निम्म्या उत्तराचा शोध घ्यायचा आहे.

२

१९३६ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये डाव्या पक्षांची आघाडी, म्हणजे 'फ्राँ पोप्युलेर', निवडून आली. लेओं ब्लुम यांचे सरकार अधिकारावर येण्याच्या सुमारास कारखान्यांत संपांची लाट उसळली होती. कामगार कारखान्याबाहेर पडत नव्हते; आतच मुक्काम ठोकून, यंत्रांच्या मध्ये अकॉर्डियन वाजवत, नाचत त्यांनी ते ताब्यात ठेवले होते. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर पंतप्रधानांच्या मातिन्यों या निवासस्थानी मालक आणि कामगार यांच्यात करार झाला. २० जून १९३६ च्या कायद्याने वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा हा हक्क ठरला आणि दुसऱ्याच दिवशी चाळीस तासांच्या आठवड्याचा कायदा झाला. योगायोग असा, की त्याच महिन्यात जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही भरपगारी रजेचा करार संमत केला.

कायद्याने रजा दिली, पण त्या रजेत जायचे कुठे आणि कशाने? ब्लुम यांच्या सरकारात क्रीडा व विरंगुळा या विषयांसाठी स्वतंत्र उपमंत्री नेमलेला होता : लेओ लाग्रांज, वय पस्तीस. विरोधी वृत्तपत्रांनी त्याच्या खात्याला आळसाचे खाते म्हणून हिणवले. लाग्रांजने रेल्वेकडून कामगारांसाठी चाळीस टक्के सवलतीचे वार्षिक तिकीट मिळवले. ऑगस्ट १९३६ पासून ते मिळू लागले आणि त्या पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे सहा लाख लोकांनी त्याचा लाभ घेतला. कित्येकांनी समुद्र प्रथमच पाहिला. काहींनी मात्र जुन्या सायकली काढल्या आणि दोघांच्या जोडसायकलीवरून गावाबाहेरचा रस्ता धरला.

सर्वांनाच हे रुचले नव्हते. समुद्रकिनारा ही तोवर उच्चवर्गाची आणि वरच्या मध्यमवर्गाची मिरास होती. डोक्यावर कामगाराची टोपी घातलेली माणसे वाळूत पाय पसरून बसलेली पाहून अनेकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढे विशी सरकारने रियों येथे चालवलेल्या खटल्यात राष्ट्राच्या पराभवाचे खापर ब्लुम यांच्या धोरणांवर फोडले गेले. सुट्टीने माणसे ढिली पडली आणि म्हणून देश हरला, असा त्या आरोपाचा एक सूर होता. १९४२ साली त्या न्यायालयात ब्लुम यांनी जोडसायकलींनी भरलेल्या रस्त्यांची आठवण सांगितली. कष्टाच्या, अंधाऱ्या आयुष्यांत आपण थोडा उजेड आणला अशी जाणीव ते रस्ते पाहून होत असे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. एका माजी पंतप्रधानाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून दोन आठवड्यांच्या सुट्टीचे समर्थन करावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सुट्टी हा त्या देशात हलकाफुलका विषय कधीच नव्हता. लाग्रांज स्वतः हा खटला पाहायला जिवंत राहिला नाही. जून १९४० मध्ये तो आघाडीवर मारला गेला होता.

ताती यांचा उदयही याच वर्षांतला. जन्म १९०७, मूळ आडनाव तातीशेफ, घराण्याचा धंदा चित्रांच्या चौकटी बनवण्याचा. रग्बी खेळता खेळता खेळाडूंच्या नकला करण्याचे वेड लागले आणि त्यातून मूकाभिनयाचे प्रयोग सुरू झाले. टेनिसपटू, गोलरक्षक, घोडा आणि स्वार दोन्ही एकट्याने उभे करण्याची त्यांची हातोटी पाहून कोलेत या लेखिकेने १९३६ मध्येच त्यांच्याविषयी कौतुकाने लिहिले होते. ज्या वर्षी फ्रान्सला सुट्टी मिळाली, त्याच वर्षी तिच्या भावी इतिहासकाराची दखल घेतली गेली, असे म्हणायला हरकत नाही.

३

आता किनाऱ्याकडे वळू. चित्रपटातील हॉटेल आणि पुळण खरी आहे. गावाचे नाव सँ-मार्क-स्यूर-मेर. ल्वार नदी जिथे अटलांटिकला मिळते, तिथे वसलेल्या सँ-नाझेर या बंदराचाच तो भाग. १९५१ आणि १९५२ या दोन वर्षांत ताती यांनी इथे चित्रीकरण केले. 'हॉटेल द ला प्लाज' हे हॉटेल पुळणीला लागून उभे होते, आजही आहे.

चित्रपट पाहताना या जागेचे वय आपल्या मनात येत नाही. ते आणून पाहावे. १७ जून १९४० रोजी याच किनाऱ्यासमोरच्या समुद्रात 'लँकास्ट्रिया' हे ब्रिटिश जहाज जर्मन विमानांनी बुडवले. माघार घेणारे सैनिक आणि निर्वासित यांनी ते खच्चून भरले होते. हजारो माणसे बुडाली आणि ब्रिटनमध्ये ती बातमी काही काळ दडपून ठेवण्यात आली. पुढे सँ-नाझेरला जर्मन पाणबुड्यांचा मोठा तळ झाला. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश कमांडोंनी तिथल्या प्रचंड सुक्या गोदीवर छापा घातला. तळ नष्ट करण्यासाठी दोस्तांच्या विमानांनी शहरावर वारंवार बॉम्ब टाकले. काँक्रीटचा तळ शाबूत राहिला, शहर मात्र सुमारे ८५ टक्के नष्ट झाले. पॅरिस ऑगस्ट १९४४ मध्ये मुक्त झाले, तरी हा टापू वेढ्यातच राहिला. लाखाहून अधिक नागरिक त्यात अडकले होते. जर्मनीने शरणागती पत्करल्यानंतरही तीन दिवस उलटून गेले आणि मग, ११ मे १९४५ रोजी, इथल्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. युरोपात सर्वांत शेवटी मोकळ्या झालेल्या जागांपैकी ही एक.

त्या दिवसापासून सहा वर्षांनी ताती आपला कॅमेरा घेऊन इथे आले. शेजारचे शहर अजून बांधले जात होते. ज्या वाळूवर मुले किल्ले बांधताना दिसतात, त्या वाळूत काही वर्षांपूर्वी खरीच तटबंदी होती. चित्रपटात यातले काहीही नाही. एक भग्न भिंत नाही, एक संवाद नाही. युद्धाचा उल्लेख करणारे एकच पात्र म्हणजे निवृत्त 'कमांडर'. तो आपल्या जुन्या मोहिमांच्या कथा ऐकवतो आणि सहलीचे नियोजनही लष्करी शिस्तीत करतो. त्याच्याकडे कुणी गंभीरपणे पाहत नाही.

हे मौन म्हणजे पलायन आहे का? असा आक्षेप घेता येईल. परंतु चित्रपटाच्या अखेरच्या रात्रीचा प्रसंग पाहिला की आमचे मत वेगळे होते. पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांपासून बचाव करत हुलो अंधारात एका खोपट्यात शिरतो आणि तिथे साठवलेल्या शोभेच्या दारूला आग लागते. बाण सुटू लागतात, स्फोट होतात आणि झोपलेले हॉटेल खडबडून जागे होते. एकामागून एक खिडक्या उजळतात. रात्री किनाऱ्यावर स्फोट, घाबरून जागी झालेली माणसे : हे दृश्य १९५३ च्या प्रेक्षकाला, विशेषतः त्या भागातील प्रेक्षकाला, कशाची आठवण देत असेल ते सांगण्याची गरज नाही. ताती ती आठवण पुसत नाहीत. तिच्यातली दारू तेवढी काढून घेतात. स्फोट तेच, पण यावेळी कुणी मरत नाही. उलट आठवडाभर एकमेकांशी न बोललेली माणसे एका खोलीत गोळा होतात. भयाच्या आठवणीला हसण्याजोगे रूप देणे हे विनोदाचे फार जुने काम आहे, आणि इथे ते एका विशिष्ट किनाऱ्यासाठी केले गेले आहे.

४

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : रजा मिळालेली ही माणसे किनाऱ्यावर नेमके काय करतात?

चित्रपटाचा आरंभच बोलका आहे. रेल्वे स्थानकावर ध्वनिक्षेपक काहीतरी घोगरे, अगम्य ओरडतो आणि सामानसुमानासह अख्खा जथा एका फलाटावरून भुयारी वाटेने दुसऱ्या फलाटावर धावतो. गाडी येते ती भलत्याच फलाटावर. पुन्हा धावपळ. गावच्या बसमध्ये इतकी गर्दी, की एका पोराचे डोके चालकाच्या सुकाणूचक्रातून वर आलेले दिसते. सुट्टीवर निघालेली ही माणसे गिरणीच्या भोंग्यावर धावणाऱ्या पाळीसारखीच धावत आहेत.

हॉटेलातही तोच प्रकार. जेवणाची घंटा वाजली की पुळणीवरची माणसे एकदम उठतात. एक उद्योगपती सहकुटुंब आला आहे. पाण्यात पाय घालतो न घालतो तोच त्याला दूरध्वनीवर बोलावणे येते आणि तो भावताव ऐकत उभा राहतो. एक तरुण विचारवंत किनाऱ्यावर बसून राजकीय सिद्धान्त सांगत राहतो, समुद्राकडे त्याचे लक्षच नाही. एक वयस्क जोडपे सकाळ-संध्याकाळ फिरते. बाई दहा पावले पुढे, बुवा दहा पावले मागे. ती शिंपले उचलून त्याच्या हाती देते आणि तिची पाठ वळताच तो ते टाकून देतो. रात्री दिवाणखान्यात आकाशवाणीवरील बातम्या ऐकत सगळे मख्ख बसून राहतात. एका संध्याकाळी वेषांतराचा नाच ठरतो. तेव्हाही बहुतेक मंडळी देशाच्या आर्थिक स्थितीवरचे भाषण ऐकत बसतात. नाचायला येतात ते चाचाच्या वेषातला हुलो, मार्तीन ही तरुणी आणि काही मुले.

ही माणसे दुष्ट नाहीत, मूर्खही नाहीत. त्यांनी फक्त घड्याळ बरोबर आणले आहे. कायद्याने त्यांना वेळ दिला, पण तो वेळ कसा असतो हे त्यांच्या शरीराला ठाऊक नाही; म्हणून त्यांनी रिकाम्या दिवसांवरही कामाच्या दिवसाचा आराखडा टाकला. आंद्रे बाझँ या समीक्षकाने १९५३ सालीच या चित्रपटावर लिहिताना 'काळ' हे त्याचे मुख्य आशयसूत्र मानले होते, ते या दृष्टीने अगदी रास्त वाटते. ताती यांनी विनोदाची गतीही त्यानुसार ठेवली आहे. पाकवलेल्या साखरेची एक लांब लड दुकानाच्या आकड्यावरून हळूहळू खाली ओघळते, जमिनीला टेकणार इतक्यात विक्रेता ती उचलतो, आणि पुन्हा ती ओघळू लागते. एक लहानगा दोन्ही हातांत आइस्क्रीमचे कोन घेऊन पायऱ्या चढतो, हात वळवून दाराची मूठ फिरवतो, आणि आता ते सांडणार म्हणून आपण श्वास रोखतो. काहीच सांडत नाही. अशा क्षणांना कथेत काही 'काम' नाही. तेच सुट्टीचे क्षण आहेत.

हुलो हा एकटाच असा की ज्याच्यापाशी घड्याळ नाही. तो बोलतो ते जवळजवळ नावापुरतेच. नोंदवहीपाशी तोंडातल्या पाईपमुळे त्याचे नाव कळत नाही, तेव्हा समोरचा माणूस तो पाईप काढून घेतो, आणि मग नाव ऐकू येते. त्याने दार उघडले की वारा आत शिरून साऱ्या दिवाणखान्याची घडी विस्कटतो. तो जे करतो ते पूर्ण मनापासून करतो आणि म्हणूनच गोंधळ होतो. त्याच्या खटारा मोटारीच्या चाकाची ट्यूब ओल्या पानांवर पडते, पाने तिला चिकटतात आणि दफनभूमीतला सेवक ती पुष्पचक्र समजून घेऊन जातो. ट्यूबमधली हवा मग शोकसभेतच सुस्कारत निघून जाते. पण हुलो तिथून पळ काढत नाही. तो शोकाकुल नातलगांच्या रांगेत उभा राहून लोकांशी हस्तांदोलन करतो. शिष्टाचार पाळण्याची त्याची ही निष्ठाच त्याला समाजाबाहेर ढकलते. त्याची होडी मधोमध मोडून शार्क माशाच्या जबड्यासारखी उघडझाप करते आणि किनाऱ्यावर घबराट उडते. या प्रसंगासाठी ताती १९७८ मध्ये, पंचवीस वर्षांनी, पुन्हा सँ-मार्कला गेले आणि त्यांनी काही नवे तुकडे चित्रित केले. मधल्या काळात 'जॉज' हा शार्कचा भयपट जगभर गाजला होता. आपल्या सुट्टीचा हिशेब त्यांनी कधी बंद केला नव्हता असेच यावरून म्हणावे लागते.

५

इथे एक अडचण मांडणे आवश्यक आहे. १९३६ चा कायदा कामगारांसाठी झाला. पण या हॉटेलात कामगार कुठे आहेत? उद्योगपती, निवृत्त अधिकारी, इंग्रज बाई, तरुणी आणि तिची आत्या, बेताच्या मिळकतीची मध्यमवर्गीय कुटुंबे : ही सर्व मंडळी कायद्याआधीही समुद्रावर येऊ शकली असती. टोपीवाले कामगार चौकटीबाहेरच राहिले. मग या चित्रपटाला भरपगारी रजेच्या इतिहासाशी जोडणे ही आमची ओढाताण तर नव्हे?

आम्हांला असे वाटते, की ही अनुपस्थिती अर्थपूर्ण आहे. पहिली गोष्ट अशी, की कामगार पूर्णपणे गैरहजर नाहीत. खच्चून भरलेली बस आहे, पाठीवर बोजे घेतलेली पायी हिंडणारी तरुण मंडळी आहेत, आणि त्यांच्या ओझ्याला हात लावायला हुलोच जातो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सर्वांना सुट्टी मिळू लागल्यावर मध्यमवर्गाच्या सुट्टीतली ऐट संपते. किनारा ही ऐपतीची खूण उरत नाही, तेव्हा माणसाला तिथे खरोखर काहीतरी अनुभवावे लागते. तो अनुभव जमत नाही, ही या हॉटेलातल्या लोकांची खरी फजिती आहे. १९३६ मध्ये ज्यांनी नव्याने आलेल्यांना हसून घेतले, त्यांनाच ताती १९५३ मध्ये हसण्याचा विषय करतात, आणि तेही कटुता न ठेवता. प्रथमच समुद्र पाहणाऱ्या माणसाची नजर या हॉटेलात शिल्लक आहे ती फक्त मुलांपाशी आणि हुलोपाशी.

म्हणूनच निरोपाचे दृश्य लक्षात राहते. सुट्टी संपते, मंडळी एकमेकांचे पत्ते लिहून घेतात, पुढच्या वर्षी भेटण्याचे वायदे करतात. हुलोशी कुणी बोलत नाही. तो वाळूत मुलांजवळ जाऊन बसतो. दोघेच त्याचा निरोप घेतात : इंग्रज बाई, आणि बायकोच्या मागे दहा पावले चालणारा तो बुवा. आठवडाभर शिंपले फेकणाऱ्या त्या माणसाच्या लक्षात आलेले असते, की या गावात कुणीतरी एकजण खरोखर सुट्टीवर होता.

६

तुलनेसाठी एक अमेरिकी चित्रपट घेऊ. १९५४ मध्ये एडवर्ड स्ट्रीटर या लेखकाची मिस्टर हॉब्ज यांच्या सुट्टीवरची विनोदी कादंबरी आली आणि १९६२ मध्ये हेन्री कोस्टर यांनी तिच्यावरून 'मिस्टर हॉब्ज टेक्स अ व्हेकेशन' हा चित्रपट केला. जेम्स स्टुअर्ट आणि मॉरीन ओहारा त्यात पती-पत्नी आहेत. स्टुअर्ट यांना या भूमिकेसाठी बर्लिन महोत्सवात अभिनयाचे रौप्य अस्वल मिळाले. हॉब्ज हा सेंट लुइसचा बँकर. त्याला पत्नीबरोबर दोघांनीच कुठेतरी जायचे आहे. तिने मात्र मुले, जावई, नातवंडे असा सारा गोतावळा समुद्रकाठच्या एका मोडकळीस आलेल्या घरात बोलावला आहे. घरातला पाण्याचा पंप ऐकत नाही. धाकटा मुलगा दूरचित्रवाणीपासून हलत नाही. दातांना तारा लावलेली मुलगी लाजेने तोंड उघडत नाही. एका जावयाची नोकरी गेली आहे आणि ती नवी मिळावी म्हणून हॉब्जला एका पक्षिनिरीक्षक गृहस्थाची सरबराई करावी लागते.

या चित्रपटातली फजिती कुटुंबाची आहे आणि तिचा निकालही कुटुंबातच लागतो. बाप आणि मुलगा नावेतून धुक्यात सापडतात आणि त्यातून जवळ येतात; मुलीला मित्र मिळतो. सुट्टी इथे सत्कारणी लागते. अमेरिकेत भरपगारी रजा देण्याचे बंधन घालणारा संघीय कायदा तेव्हा नव्हता आणि आजही नाही. तिथे सुट्टी ही मालकाशी केलेल्या कराराचा भाग असते. म्हणून कदाचित तिच्याकडूनही काही मिळकतीची अपेक्षा केली जाते. हॉब्जने सुट्टीत घर सावरले, जावयासाठी खटपट केली, मुले परत मिळवली. हुलोने काय मिळवले? काहीच नाही. मार्तीनशी त्याचा प्रेमप्रसंगही जुळता जुळता राहून जातो. हॉब्जची सुट्टी फलद्रूप होते, हुलोची रिकामीच राहते. आणि 'व्हाकाँस' या शब्दाला तेच अपेक्षित आहे.

मराठी वाचकाला प्रवासातली कौटुंबिक फजिती नवी नाही. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांनी ती केव्हाच घरोघरी पोचवली. परंतु आपल्याकडील जुन्या विनोदात प्रवासाला बहुधा काही निमित्त लागते : लग्न, यात्रा, आजोळ, बदली. नुसते रिकामे बसण्यासाठी कुटुंबाने पैसे मोजून परक्या ठिकाणी जावे, ही कल्पना इथे उशिरा रुळली. तरी सुट्टी हा हक्क आहे, ही जाणीव मात्र मुंबईत फार आधी उगवली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारून आठवड्याच्या सुट्टीची मागणी पुढे रेटली आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. आपल्या रविवारला इतिहास आहे. त्या रिकाम्या दिवसाकडे कायद्यापलीकडे जाऊन पाहणारे साहित्य आपल्याकडे किती आहे, हा प्रश्न मराठीच्या विद्यार्थ्यांनी स्वतःला जरूर विचारावा. लढ्याविषयी आपण लिहिले. लढून मिळालेल्या वेळेविषयी फार थोडे.

फ्रान्समध्ये रजेचा तिसरा आठवडा १९५६ मध्ये आला, चौथा १९६९ मध्ये, पाचवा १९८२ मध्ये. सँ-मार्कच्या पुळणीला आता हुलोचे नाव आहे आणि वर कठड्यापाशी त्याचा पुतळा, कमरेवर हात ठेवून समुद्राकडे पाहत उभा आहे. चित्रपटाची अखेर याहून साधी होती. माणसे गेलेली, पुळण मोकळी, आणि त्या स्थिर झालेल्या दृश्यावर टपालाचा शिक्का उमटतो. म्हणजे आपण जे पाहिले ते किनाऱ्यावरून आलेले एक पत्र होते. पाठवणाऱ्याने त्यात तक्रार लिहिलेली नाही, बोधही नाही. आधी ज्या किनाऱ्यावरून फक्त युद्धाच्या बातम्या येत होत्या, तिथून आता हवापाण्याचे साधे कुशलवृत्त आले आहे. १९५३ साली एवढी बातमी पुरेशी होती.